भाडेकरूने नोटीस दिलीय. घर परत भाड्याने द्यावं, विकावं की अजून एक घ्यावं?

दुसरी_चावी | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

राहतं घर वेगळं आहे. हे दुसरं, ११ वर्षांपूर्वी घेतलेलं. कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटलं. गेली चार वर्षं एकच कुटुंब तिथे भाड्याने आहे. नवरा, बायको आणि आता शाळेत जायला लागलेला मुलगा. भाडं एकदाही चुकलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी दोन महिन्यांची नोटीस दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "ताई, घर चांगलंय हो, पण ओलीला कंटाळलो."

ओलीचं प्रकरण असं आहे, की बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे पोपडे निघाले. मी रंगारी पाठवला, त्याने खरवडून पुट्टी भरली, रंग दिला. सहा महिन्यांत पुन्हा तेच. मग मला वाटलं, ही माणसं खोलीत कपडे वाळवतात, खिडकी उघडत नाहीत, त्यामुळे होत असेल. तसं मी बोलूनही दाखवलं. आता कोपऱ्यात काळी बुरशी आलीय. रंगाचा खर्च अनामत रकमेतून कापून घ्यावा असं मिस्टरांचं म्हणणं आहे.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एजंट म्हणतो, नवीन माणूस १० टक्के जास्त भाडं देईल, गेले तर बरंच झालं. भाऊ म्हणतो, विकून टाक, कटकट संपव. ऑफिसातला एकजण म्हणतो, हेच घर तारण ठेवून दुसरं घे, भाड्यातून हप्ता जाईल.

रकमा सांगत नाही, प्रत्येकाच्या गावच्या किमती वेगळ्या. घराची आजची किंमत १०० धरा. वर्षाचं भाडं ४. घेतलं तेव्हा ६० पडले होते. म्हणजे किंमत वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली, वर भाड्याचे ४ टक्के, एकूण १० टक्के सुटतात. हे बरोबर आहे ना?

आकडेमोड | रविवार, रात्री १०:५०

नाही.

आधी किंमत. ६० चे १०० झाले म्हणजे एकूण वाढ ६७ टक्के. तिला ११ ने भागून तुम्ही ६ आणलेत. चक्रवाढीने धरलं तर वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येतं. शिवाय घेताना नोंदणी, कर, दलाली यांत गेलेले पैसे तुमच्या ६० मध्ये आहेत का? बहुतेकजण ते विसरतात.

आता भाडं. ४ हे हातात येणारं भाडं नाही, करारावर लिहिलेलं भाडं आहे. त्यातून देखभालीची वर्गणी, घरपट्टी आणि विमा जाणार. मग दुरुस्ती. एका वर्षी शून्य लागेल, एका वर्षी गीझर आणि पाइप दोन्ही एकदम, त्यामुळे सरासरी धरावी लागते. दर दोन वर्षांत एक महिना घर रिकामं राहतं असं समजा. रिकामा महिना म्हणजे त्या वर्षीच्या भाड्याचे सव्वाआठ टक्के गेले. वर्गणी ०.४, घरपट्टी आणि विमा ०.२, दुरुस्ती ०.५, रिकामा काळ ०.१७. उरले २.७ आणि काही पैसे. त्यावर आयकर आहेच. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा.

म्हणजे १० नाही, साडेसातच्या आत. ते वाईट आहे असं म्हणत नाही. पण तुलना करायची तर खऱ्या आकड्याशी करा.

दुसरी_चावी | रविवार, रात्री ११:०५

बापरे. वर्गणी तर मी घरखर्चात धरत होते आजवर.

जुना_खिळा | सोमवार, सकाळी ६:३५

आकडेमोड यांना अनुमोदन. एकच भर घालतो. यात तुमचे तास कुठे आहेत?

माझी तीन घरं भाड्याने आहेत, २६ वर्षं झाली. लोक म्हणतात, काका, तुमचं बरंय, घरबसल्या पैसे येतात. घरबसल्या काही येत नाही. कुलूप बिघडलं की मी जातो. करार संपत आला की मी जातो. वरच्या मजल्यावरचं पाणी खाली गळलं की दोन्ही मजल्यांच्या शिव्या मी खातो. ही अर्धवेळ नोकरी आहे, आणि सुट्टी भाडेकरू ठरवतो. ज्याला हे जमतं आणि थोडंफार आवडतं, त्याने घर ठेवावं. ज्याला फोन वाजला की पोटात गोळा येतो त्याने ठेवू नये, मग आकडे कितीही गोड असोत.

बाई, तुम्हाला चार वर्षांत या घराचे किती फोन आले?

दुसरी_चावी | सोमवार, दुपारी १:२०

काका, मोजले नव्हते. आता मेसेज काढून बघितले. चार वर्षांत २३. त्यातले १४ या ओलीचे.

आणि एक गोष्ट आत्ता लक्षात आली. शेवटचा ओलीचा मेसेज आठ महिन्यांपूर्वीचा आहे. मला वाटत होतं, थांबलं बहुतेक.

मुक्काम_पोस्ट | सोमवार, दुपारी १:४८

थांबलं नव्हतं हो. त्यांनी सांगायचं थांबवलं.

मी पलीकडच्या बाजूचा. १९ वर्षं भाड्याने राहतोय, हे सातवं घर. आमचं कसं असतं सांगतो. पहिल्यांदा तक्रार करतो तेव्हा विश्वास असतो. दुसऱ्यांदा करतो तेव्हा संकोच असतो, उगाच कटकट्या वाटू नये म्हणून. तिसऱ्यांदा "तुम्ही खिडक्या उघडत नाही" ऐकलं की माणूस गप्प होतो आणि रात्री जेवण झाल्यावर दुसऱ्या घरांच्या जाहिराती बघायला लागतो. मालकाला वाटतं, प्रश्न मिटला. मुलाची शाळा, सामान हलवायचा खर्च, नवी अनामत, हे सगळं जमवायला सहा-आठ महिने जातात. मग नोटीस येते आणि मालक म्हणतो, अचानक काय झालं!

तुम्ही वाईट मालकीण आहात असं म्हणत नाही. रंगारी तरी पाठवलात. माझ्या तिसऱ्या घरच्या मालकाने गळत्या छताखाली ठेवायला बादली आणून दिली होती. नवी होती बादली, तेवढं त्याचं श्रेय.

वाकडी_वाट | सोमवार, दुपारी २:३०

एकाकडे दोन-दोन, तीन-तीन घरं आणि दुसरा आयुष्यभर भाडं भरतोय. आणि चर्चा कसली, तर कसं जास्त सुटेल! घर ही राहायची वस्तू आहे, गुंतवणूक नव्हे.

जुना_खिळा | सोमवार, दुपारी ३:०२

मान्य. पण माझ्या तीन घरांत तीन कुटुंबं राहतातच आहेत, मी त्यांत कबुतरं पाळत नाही. ज्याला दोन वर्षांसाठी एखाद्या गावात राहायचंय त्याने काय घर विकत घ्यायचं? भाड्याची घरं लागणारच. ती धड स्थितीत द्यायची की नाही एवढाच माझ्या हातातला प्रश्न.

मुक्काम_पोस्ट | सोमवार, दुपारी ३:१०

वाकडी_वाट, तुमचा मुद्दा मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे बाईंची भिंत ओली आहे.

पाना_पक्कड | सोमवार, रात्री ८:१५

भिंतीवर कोणी बोलणार की नाही म्हणून वाट बघत होतो. माझं कामच ते आहे.

ओलीचं कारण न शोधता रंग देणं म्हणजे ताप आलेल्याला पावडर लावणं. खोलीतल्या दमट हवेनेही बुरशी धरते, आणि भिंतीच्या आत पाणी असलं तरी धरते. वरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायचा साधा उपाय सांगतो, फुकटात होतो.

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा घ्या. भिंत जिथे खराब आहे तिथे पृष्ठभाग फडक्याने कोरडा करून तो लावा आणि चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. हवा जायला फट नको. दोन दिवस ठेवा. मग काढून बघा. खोलीकडच्या बाजूवर पाण्याचे थेंब असतील तर हवा दमट आहे, भाडेकरूंना खिडकी उघडायला सांगा, पंखा बसवून द्या. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

हे होईपर्यंत अनामत रकमेला हात लावू नका.

दुसरी_चावी | सोमवार, रात्री ८:४०

उद्याच जाते. त्यांना आधी फोन करून विचारते.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ११:२५

धाग्यात थोडी घुसखोरी करतोय, चालेल ना? वय २९, नोकरी बरी आहे. २० टक्के रक्कम साठलीय, बाकी ८० टक्के कर्ज काढून एक घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं असा विचार आहे. भाडेकरूच हप्ता भरेल आणि २० वर्षांनी घर माझं. घराची किंमत काही कधी कमी होत नाही. कुठे चुकतंय?

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२:१०

दोन ठिकाणी.

घर १०० चं, कर्ज ८०. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचे हप्ते होतात ८.६४. त्यात पहिल्या वर्षी व्याज ७.१४ आणि मुद्दल फक्त दीड. वरच्या ताईंसारखंच ४ भाडं धरलं आणि खर्च वजा केला तर हातात २.७. म्हणजे हप्त्याचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वाटा भाडेकरू भरतोय, वर्षाला जवळजवळ ६ तुझ्या खिशातून जाणार. भाडं वाढत जाईल, हप्ता तेवढाच राहील (व्याजदर बदलता नसेल तर), अंतर कमी होईल, हे खरं. पण सुरुवातीची बरीच वर्षं तू त्या घराला पोसणार आहेस. तेवढ्या काळात नोकरी गेली तर? जिथे भाडं किमतीच्या ८-९ टक्के मिळतं आणि व्याज ४-५ आहे तिथे चित्र उलटं असतं. त्यामुळे सरसकट उत्तर नाही, तुझे दोन आकडे शेजारी ठेवून बघ.

दुसरं, किंमत कमी होत नाही म्हणालास. जपानमध्ये जमिनीच्या किमती १९९१ च्या सुमारास शिखरावर होत्या, त्यानंतर दीड दशक घसरत राहिल्या. अमेरिकेत २००६ ते २०१२ मध्ये घरांचा देशपातळीवरचा निर्देशांक २५ टक्क्यांहून जास्त पडला. तुझे स्वतःचे २० आहेत. किंमत नुसती १० टक्के पडली तरी १०० चे ९० होतात, कर्ज तेवढंच राहतं आणि तुझे २० चे १० होतात. अर्धं भांडवल गेलं. किंमत वाढली की हीच गोष्ट उलटी होते, म्हणून लोक कर्जाच्या प्रेमात पडतात.

अंतू_गणित | मंगळवार, दुपारी १२:४५

यावर एक आवडता दाखला. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे, त्याच्या काठच्या घरांच्या व्यवहारांची नोंद १६२८ पासूनची मिळते. पीट आइखोल्ट्स या अभ्यासकाने १९७३ पर्यंतच्या किमतींचा निर्देशांक काढला. महागाई वजा केली तर जवळपास साडेतीनशे वर्षांत किमती साधारण दुप्पट झाल्या. वर्षाला जेमतेम ०.२ टक्के. आणि तो काही पडीक भाग नव्हे, शहरातला उत्तम पत्ता.

उंबरठा | मंगळवार, दुपारी १२:५८

मग लोक घर घेतात कशाला?

अंतू_गणित | मंगळवार, दुपारी १:३०

भाड्यासाठी! तोच तर मुद्दा. १६ देशांच्या १८७० ते २०१५ या काळातल्या आकड्यांचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात घरांचा महागाई वजा जाता परतावा शेअर्सच्या जवळपास, वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास निघाला. त्यातला मोठा वाटा भाड्याचा होता. म्हणजे घरातून कमाई होते, पण ती किमतीच्या जोरावर होते हा गैरसमज. रिकामं ठेवून "किंमत वाढेल" म्हणत बसणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

अर्थात त्या अभ्यासातले आकडे देशभरच्या घरांचे. तुझं घर एकच असतं, एकाच गल्लीत. समोर उड्डाणपूल आला तर ते आकडे काही मदतीला येत नाहीत.

अवांतर : प्लंबर नको असेल आणि जागेत पैसे घालायचे असतील तर रीट (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारी संस्था) हा मार्ग आहे. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने सुरू झाला, आता बऱ्याच देशांत आहे. बाजारात युनिट घ्या, विका. पण शेअर्ससारखं रोज वरखाली होतं, ते झेपायला हवं.

विकून_मोकळी | मंगळवार, रात्री ९:३०

धागाकर्तीच्या भावाच्या बाजूने लिहायला आले होते, पण लिहिता लिहिता डळमळले.

तीन वर्षांपूर्वी मी माझं भाड्याचं घर विकलं. भाडेकरूशी वाद, अंतर लांब, नवरा परदेशी, मी एकटी. विकायला सात महिने लागले. या काळात घर रिकामं, कारण "मोकळं घर पटकन विकलं जातं" असं एजंट म्हणाला. सात महिन्यांचं भाडं, वर्गणी, विक्रीवरचा कर, दलाली. हे कोणी आधी सांगत नाही.

पण विकल्यावर जी झोप लागली तिची किंमत कोणत्या तक्त्यात बसत नाही. फोन वाजला की आता फक्त आईचा असतो.

आता दुसरी बाजू. पैसे खात्यात आले आणि विरघळायला लागले. आधी ठरवलं होतं, सगळे एकत्र गुंतवायचे. मग थोडे दिरांना दिले, थोडे गाडीला, थोडे "तात्पुरते" बाजूला. आज त्यातले साठ टक्के मी कुठे आहेत ते दाखवू शकते. घराचं एक बरं असतं, त्याची खिडकी तेवढी विकून गाडी घेता येत नाही. म्हणून विकण्याआधी ते पैसे दुसऱ्या दिवशी कुठे जाणार हे लिहून ठेवा. मी नव्हतं ठेवलं.

दुसरी_चावी | बुधवार, सकाळी ७:५०

सगळ्यांचं दोनदा वाचतेय. विकून_मोकळी, तुमचं वाचून पोटात गलबललं, आमच्याकडेही "थोडे तात्पुरते" मागणारे तयारच आहेत.

काल जाऊन फॉइल लावून आले. मुलगा विचारत होता, भिंतीला चंदेरी खिडकी कशाला? त्याच्या आईने चहा केला, पण बोलणं बेताचंच. खोलीत कपड्यांचा स्टँड नव्हता. विचारलं तर म्हणाली, तुम्ही बोललात तेव्हापासून बाहेरच वाळवतो, दीड वर्ष झालं. मला काय बोलावं सुचलं नाही.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ९:१५

एजंटच्या १० टक्क्यांचा हिशोब राहिला होता.

१० टक्के वाढ म्हणजे वर्षाला १.२ महिन्यांचं भाडं जास्त. हे कुटुंब जाऊन नवं येईपर्यंत दीड महिना रिकामा धरा, एक महिन्याची दलाली, एक महिन्याचा रंग आणि किरकोळ दुरुस्ती. झाले साडेतीन महिने. ते भरून यायला जवळपास तीन वर्षं. नवा भाडेकरू दोन वर्षांत गेला तर वाढीव भाड्यासकट तुम्ही तोट्यात. एजंट मात्र दर वेळी फायद्यात. त्याला दोष देत नाही, त्याचा धंदाच माणसं हलण्यावर चालतो.

चार वर्षांत तुम्ही भाडं वाढवलंत का?

दुसरी_चावी | बुधवार, सकाळी ९:४०

एकदाच, ५ टक्के. चांगली माणसं आहेत म्हणून राहू दिलं.

जुना_खिळा | बुधवार, सकाळी १०:२०

ही पण चूकच, सांगून ठेवतो. दरवर्षी थोडं वाढवावं, करारात आधीच लिहून. बाजारापेक्षा थोडं कमी ठेवा, पण गोठवू नका. चार वर्षं गोठवलं की मालकाच्या मनात उपकाराची भावना साठते आणि मग भिंतीची तक्रार आली की वाटतं, एवढ्या स्वस्तात राहतात वर तक्रार! खरं सांगा, वाटलं की नाही?

दुसरी_चावी | बुधवार, सकाळी १०:३१

वाटलं.

जुना_खिळा | बुधवार, सकाळी ११:००

मलाही वाटायचं. जाऊ द्या.

नवा भाडेकरू शोधायची वेळ आलीच तर माझा एक अनुभव. पंधराएक वर्षांपूर्वी एकजण आला, नीटनेटका, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हणाला, पण आठवड्यात राहायला यायचं होतं. मी त्याच्या तेव्हाच्या मालकाला फोन केला. त्याने तोंड भरून कौतुक केलं. मी चावी दिली. सहा महिने उलटले आणि भाडं बंद. पुढचे आठ महिने तारखा, नोटिसा, विनवण्या. शेवटी गेला तेव्हा सगळे स्विचबोर्ड काढून नेले होते. मात्र उघड्या वायरींच्या टोकांना टेप इतकी व्यवस्थित गुंडाळली होती की बघत राहावं. त्या टेपचं मला आजही कौतुक वाटतं.

पुढे कळलं, त्या मालकाला तो कधी एकदा जातोय असं झालं होतं. तो कशाला खरं सांगेल? तेव्हापासून मी सध्याच्या मालकाला फोन करत नाही. त्याच्या आधीच्या मालकाला करतो. त्याला आता ना घेणं ना देणं, तो खरं बोलतो. आणि एकच प्रश्न विचारतो : पुन्हा घर द्याल का? उत्तर यायला किती वेळ लागतो तेही ऐकतो.

मुक्काम_पोस्ट | बुधवार, सकाळी ११:३०

आम्हीही चौकशी करतो बरं का काका. घर बघायला गेलो की मी जाणाऱ्या भाडेकरूला कोपऱ्यात गाठतो. का चाललात, अनामत वेळेत परत मिळतेय का, एवढंच. बाई, तुमच्याकडे घर बघायला जो येईल तो त्या कुटुंबाला हेच विचारणार आहे. हे लक्षात असू द्या.

पाना_पक्कड | गुरुवार, सकाळी ८:०५

फॉइल?

दुसरी_चावी | गुरुवार, दुपारी २:१५

आत्ताच काढलं. खोलीकडची बाजू खडखडीत कोरडी. भिंतीकडची ओली, बोटाला पाणी लागत होतं.

पाना_पक्कड | गुरुवार, दुपारी २:४०

मग भाडेकरू सुटले. आता पाणी येणाऱ्या पाइपचं की जाणाऱ्या पाइपचं ते शोधायचं.

घरातले सगळे नळ बंद करा आणि वॉटर मीटर बघा. त्यावर एक छोटं चक्र असतं, त्रिकोणी नाहीतर चांदणीसारखं. नळ बंद असताना ते फिरत असेल तर दाबाखालची लाइन कुठेतरी गळतेय. ते फ्लश टँकमुळेही असू शकतं, त्यामुळे टँकमध्ये खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर टँकचा वायसर गेलाय. रंग उतरला नाही आणि चक्र फिरतंय, तर भिंतीतला पाइप.

चक्र मुळीच फिरत नसेल तर सांडपाण्याची बाजू संशयात. मग नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलची खूण करायची आणि एक दिवस ठेवायचं.

दुसरी_चावी | शुक्रवार, रात्री ८:२०

चक्र फिरतंय. अगदी सावकाश, पण फिरतंय. टँकमध्ये रंग टाकला, खाली उतरला नाही. भाडेकरूंचा मुलगा वीस मिनिटं भांड्यावर वाकून पहारा देत होता.

प्लंबर आणला. गीझरच्या गरम पाण्याच्या लाइनवर शॉवरच्या मागे तीन टाइल फोडल्या. आत एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या) जोडाशी हिरवट डाग, आणि त्यातून थेंब. एकामागोमाग, मोजता येऊ नयेत इतके भरभर. दोन वर्षं हा थेंब पडतोय आणि मी रंगारी पाठवतेय.

प्लंबर आणि टाइल मिळून खर्च पाऊण महिन्याच्या भाड्याएवढा. आकडेमोड यांचे साडेतीन महिने आठवले.

विकून_मोकळी | शुक्रवार, रात्री ८:४५

आता त्यांना राहा म्हणून विचारणार का?

दुसरी_चावी | शुक्रवार, रात्री ९:३०

विचारलं. आधी भिंत दाखवली, मग चूक माझी होती म्हणून सांगितलं. मिस्टर बरोबर होते, तेही अनामत कापायचं काही बोलले नाहीत. भाडेकरू म्हणाले, ताई, तिकडे आगाऊ रक्कम देऊन बसलोय, मुलाच्या शाळेच्या जवळ पडतं. जाणारच आहेत. अनामत सगळी परत करतेय, चावी मिळेल त्याच दिवशी. ते घर बघायला येणाऱ्यांशी काय बोलायचं ते बोलोत.

विकायचं सध्या नाही. ओली भिंत दाखवून विकलं असतं तर ग्राहकाने तेवढ्यावरून किंमत पाडली असती, हेही खरं. दुसरं घर तर नाहीच, कर्जाचे आकडे बघून ऑफिसातल्या माणसाला हात जोडले. हे एकच नीट सांभाळते. दरवर्षी एक महिन्याचं भाडं दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलंय. वर्षभराने काकांच्या "किती तास" या प्रश्नाकडे परत बघेन. फोन वाजल्यावर पोटात गोळा येतो की नाही ते तोवर कळेल.

उंबरठा | शुक्रवार, रात्री १०:०५

मीही थांबलोय. निदान दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले. माझ्याकडे भाडं ३.२ आणि व्याज ८.९ निघालं. :(

पाना_पक्कड | शुक्रवार, रात्री १०:२०

ताई, गडबडीने रंग देऊ नका. आतली भिंत पूर्ण वाळू द्या, काही आठवडे लागतील. ओला गिलावा खरवडून काढा, भिंत उघडी ठेवा, वारा खेळू द्या. नवा भाडेकरू घाई करेल, एजंट त्याहून करेल. महिन्याने पुन्हा एकदा फॉइल लावा. आणि टाइल बसवायच्या आधी दोन दिवस जोड उघडाच राहू दे.

दुसरी_चावी | रविवार, सकाळी ९:०५

दोन दिवस उघडा ठेवला. आत्ता मीटरपाशी उभी आहे, सगळे नळ बंद करून. दहा मिनिटं झाली. चक्र हललेलं नाही.